तांब्याचा पैसा : ओळख आणि मोल

नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्यानें ईशान्येकडे निघालें म्हणजे बाणगंगेच्या कांठीं ओझर हें गांव लागतें. १९६४ सालीं तेथें विमानांच्या कारखान्याची स्थापना झाली, तेव्हांपासून बाहेरच्या जगास हें गांव 'ओझर मिग' या नांवानें परिचित झालें. जुन्या सरकारी दप्तरांत मात्र, विशेषतः बाणगंगेवरील पाटबंधाऱ्याच्या कागदपत्रांत, त्याची नोंद 'ओझर तांबट' अशी आढळते. गांवाच्या नांवांतच तांब्याच्या कारागिराची खूण राहून गेली आहे. तांबट हा तांब्याच्या नाण्याचा जुना स्नेही, आणि जुना वैरीहि. पैशांत तांबें चोख आहे कीं नाहीं हें त्याच्याइतकें कोणास कळणार? आणि बाजारांतून उठलेला पैसा अखेर मोड म्हणून तोलला जातो, तोहि त्याच्याच तागडींत.

१ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आण्या-पैचा हिशेब मागें पडला. नाणीं व्यवहारांतून गेलीं, पण घरांतून गेलीं नाहींत. देवघराच्या फळीवर, जुन्या पेटीच्या तळाशीं, एखाद्या वृद्धेच्या बटव्यांत तीं अजूनहि निघतात. त्यांच्यासंबंधीं दोन टोकांच्या समजुती आहेत. एक समजूत अशी कीं, हें नुसतें तांबें. मोडींत घालावें आणि मोकळें व्हावें. दुसरी अशी कीं, नाणें शंभर वर्षांचें आहे, तेव्हां त्याचे लाख रुपये सहज येतील. पहिलीमुळें इतिहासाची साधनें भट्टींत जातात. दुसरीमुळें भाबडीं माणसें ठकविलीं जातात. दोन्ही समजुतींचें मूळ एकच : नाण्यावर काय लिहिलें आहे तें कोणी वाचलेलें नसतें.

नाणें नीट वाचलें तर तें किती बोलतें, याचा दाखला नाशिक जिल्ह्यानेंच जगास दिला आहे. १९०६ सालीं जोगळटेंभी येथें नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या सुमारें १३,२५० नाण्यांचा सांठा सांपडला. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. क्षत्रपांचें राज्य जाऊन सातवाहनांचें आलें, ही गोष्ट त्या दुहेरी ठशांनीं डोळ्यांपुढें उभी केली. पुढें मराठेशाहींतहि हा प्रदेश टांकसाळींचा होता. पेशवाईंतील 'गुलशनाबाद' या नांवाचा रुपया म्हणजे नाशिकचा रुपया. आणि ओझरहून त्याच आग्रा रस्त्यानें पुढें गेल्यावर लागणाऱ्या चांदवड येथें होळकरांची टांकसाळ होती, तिचा रुपया 'चांदोरी' म्हणून ओळखला जाई. रोजच्या बाजारांत मात्र या रुपयांपेक्षां तांब्याची शिवराईच अधिक खेळे. १८१८ सालीं इंग्रजी अंमल बसला तरी शिवराई एकदम नाहींशी झाली नाहीं. गोऱ्या सरकारचा पैसा आणि छत्रपतींची शिवराई कित्येक वर्षें एकाच कनवटीला राहिलीं. म्हणूनच या भागांतील जुन्या पेटींत दोहोंची सरमिसळ आढळली तर नवल वाटूं नये.

इंग्रजी अंमलांतील हलक्या नाण्यांची ओळख करून घेण्यापूर्वीं हिशेबाची जुनी कोष्टकें आठवलीं पाहिजेत. तीन पैंचा एक पैसा, चार पैशांचा एक आणा, सोळा आण्यांचा एक रुपया. म्हणजे रुपयाचे पैसे ६४ आणि पया १९२. इंग्रजी लेखांत पैशाला 'पाव आणा', पैला 'आण्याचा बारावा भाग' आणि दोन पैशांच्या ढब्बूला 'अर्धा आणा' म्हटलेलें असे. त्यामुळें नाण्यावरील इंग्रजी शब्द वाचून पुष्कळांचा घोटाळा होतो आणि साध्या पैशाला कोणी चार आण्यांचें नाणें समजतो. 'सोळा आणे खरें', 'पै न पै चुकती केली' हे शब्दप्रयोग मागें ठेवून हें कोष्टक गेलें आहे.

मुंबई इलाख्यांतील कंपनीच्या पैशाची सर्वांत सुंदर खूण म्हणजे तागडी. १७९१ व १७९४ या सालांचे पैसे बर्मिंगहॅमनजीक सोहो येथें मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यांत यंत्रावर पाडून जहाजानें आणले गेले. एका अंगास कंपनीची व्यापारी गठ्ठ्यांवर मारावयाची खूण, आणि दुसऱ्या अंगास तागडी; तिच्या दोन पारड्यांच्या मध्यें फार्सी लिपींत 'अदल', म्हणजे न्याय, हा शब्द. १८०४ च्या नाण्यांवर गठ्ठ्याच्या खुणेच्या जागीं कंपनीचें राजचिन्ह आलें, तागडी राहिली. १८३० च्या सुमारास मुंबईची नवी टांकसाळ चालूं झाल्यावर तेथेंहि तागडीचे पैसे पडूं लागले. व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यावरील खुणेपासून राज्यकर्त्याच्या राजचिन्हापर्यंत कंपनीचा झालेला प्रवास या पैशांच्या एकाच अंगावर वाचतां येतो, आणि न्यायाचा दावा दुसऱ्या अंगावर.

१८३५ सालीं कंपनीनें आपल्या सर्व मुलुखासाठीं एकच नाणें ठरविलें. रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा झाला. तांब्याचा ढब्बू २०० ग्रेनचा, पैसा १०० ग्रेनचा आणि पै ३३⅓ ग्रेनची ठरली. ५० ग्रेनचा अर्धा पैसा १८५३ पासून निघाला. या पैशाच्या एका अंगास दोन सिंहांनीं धरलेली ढाल आणि लॅटिन ब्रीदवाक्य असून दुसऱ्या अंगास पानांच्या वेलींत किंमत लिहिलेली असते. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सालाचा आंकडा १८३५ असला म्हणजे तें नाणें त्याच वर्षीं पाडलें असें होत नाहीं. तोच आंकडा ठेवून तीं पुढें अनेक वर्षें पाडलीं गेलीं. त्यामुळें १८३५ चा पैसा विपुल आहे, आणि वय मोठें असूनहि त्याची किंमत बेताचीच येते.

१८५८ सालीं कंपनीचा कारभार राणीकडे गेला, आणि १८६२ सालच्या नाण्यांपासून तांब्याच्या पैशावर प्रथम राणीचें मुख आलें. व्हिक्टोरियाच्या नाण्यांत तारतम्य करणें सोपें आहे, कारण तें एका शब्दावर अवलंबून आहे. 'क्वीन' असें असेल तर नाणें पहिल्या कालखंडांतलें; 'एम्प्रेस' असें असेल तर १८७७ किंवा त्यानंतरचें, कारण त्या सालच्या पहिल्या दिवशीं दिल्लीस दरबार भरवून सम्राज्ञीपद जाहीर करण्यांत आलें होतें. दिल्लीच्या दरबाराची वार्ता खेड्यांतील शेतकऱ्याच्या हातीं पोंचली ती अशी, पैशावरील एका बदललेल्या शब्दाच्या रूपानें. आणि तो शब्द त्याला वाचतां येत नव्हता.

यानंतरचा मोठा फेर धातूचा. १९०६ सालीं सातव्या एडवर्डच्या कारकीर्दींत शुद्ध तांब्याऐवजीं ब्रॉन्झ, म्हणजे थोडें कथील व जस्त मिसळलेलें तांबें, वापरण्यास आरंभ झाला. इंग्लंडांत पेनीच्या बाबतींत हाच बदल १८६० सालीं झाला होता. ब्रॉन्झ कठीण आणि कमी झिजणारें. नाण्याचा व्यास जवळपास तोच राहिला, परंतु जाडी उतरली आणि पैशाचें वजन १०० ग्रेनवरून ७५ ग्रेनवर आलें. १९०६ या एकाच सालचे पैसे दोन्ही धातूंचे असल्यामुळें केवळ डोळ्यांनीं निर्णय करूं नये, कांटा वापरावा. आजच्या मापानें जुना पैसा सुमारें साडेसहा ग्रॅम भरतो, नवा पांच ग्रॅमलाहि पुरा उतरत नाहीं. पुढल्याच वर्षीं, १९०७ सालीं, कंगोरेदार कांठाचा निकेलमिश्रित आणा निघाला. तांब्याच्या आणि चांदीच्या मधली ही नवी पायरी होती. आंधळ्यालाहि कांठ चांचपून तो ओळखतां यावा असा त्याचा घाट होता.

पांचव्या जॉर्जच्या १९११ च्या नाण्यांची कथा प्रसिद्ध आहे. राजाच्या झग्यावर एक लहानसा हत्ती कोरलेला होता. त्याची सोंड आंखूड उतरल्यामुळें तें जनावर डुकरासारखें दिसूं लागलें, आणि लोकांत कुरकुर झाली. १९१२ पासून चित्र सुधारण्यांत आलें. हा प्रकार रुपयाच्या संबंधांत सांगितला जातो, पण १९११ च्या पैशावरहि तेंच चित्र आहे. म्हणून जॉर्जचा पैसा हातीं आला कीं प्रथम साल पाहावें. पहिल्या महायुद्धांत चांदीची टंचाई झाली तेव्हां १९१८ सालीं चौकोनी चवली आणि १९१९ सालीं निकेलमिश्रित पावली व अधेली निघाल्या. अधेलीची मात्र बनावट नाणीं इतकीं झालीं कीं १९२४ सालीं तिचें चलन संपुष्टांत आणावें लागलें.

दुसऱ्या महायुद्धानें तर पैशाचें अंतःकरणच काढून घेतलें. महागाई वाढली, धातु दुर्मिळ झाला, लोक मोड दडवून ठेवूं लागले, आणि १९४३ सालीं मध्यें भोंक असलेला पैसा चलनांत आला. त्यावर राजाचें मुख नव्हतें. भोंकामुळें त्याला जागाच उरली नव्हती. मुकुट तेवढा राहिला. त्याचें वजन सुमारें ३० ग्रेन होतें. स्क्रूखालीं घालावयाच्या चकतीसारखा त्याचा उपयोग होतो, हें कारागिरांनीं लवकरच ओळखलें.

या सर्व वजनांची एकदां बेरीज करून पाहावी. १८३५ च्या सुमारास एका रुपयाचे ६४ पैसे घेतले तर त्यांत साडेपस्तीस तोळ्यांहून किंचित् अधिक तांबें येत असे. १९०६ नंतरच्या ६४ पैशांत पावणेसत्तावीस तोळ्यांच्या आंतच धातु उरला. १९४३ नंतरच्या ६४ पैशांत तो साडेदहा तोळ्यांच्या आसपास आला. किंमत तीच, नांव तेंच, रुपयाचे भाग तेच. पण हातांत पडणारा धातु शंभरएक वर्षांत तिसऱ्या हिश्शाहूनहि कमी झाला. यांत सरकारनें फसवणूक केली असा सोपा निष्कर्ष काढणें योग्य नव्हे. हलकें नाणें कायद्याच्या जोरावर चालतें, धातूच्या जोरावर नव्हे, हेंच आधुनिक चलनाचें तत्त्व आहे. तथापि तें तत्त्व कोणत्या पायऱ्यांनीं आणि कोणत्या युद्धांच्या दडपणाखालीं या देशांत उतरलें, हें एखाद्या खजिन्याच्या अहवालापेक्षां स्वयंपाकघरांतील साधा कांटा अधिक स्पष्टपणें सांगूं शकतो. १९२८ पासून नाशिक रोडच्या छापखान्यांत नोटा छापल्या जाऊं लागल्या. धातूकडून विश्वासाकडे चाललेल्या त्याच वाटेवरचा तोहि एक टप्पा होय.

आतां प्रत्यक्ष परीक्षा कशी करावी तें पाहूं. प्रथम धातु आणि वजन, मग मुख व लेख, मग साल, आणि शेवटीं टांकसाळीची खूण, असा क्रम ठेवावा. जॉर्ज राजांच्या नाण्यांवर सालाजवळ बारीक ठिपका किंवा पत्त्यांतील चौकटीसारखी खूण असेल तर नाणें बहुधा मुंबईचें. १९४३ पासून लाहोरास पाडलेल्या नाण्यांवर 'एल्' हें अक्षर असतें. कलकत्त्याच्या नाण्यांवर बहुतेक वेळां खूण नसते. त्यानंतर झीज पाहावी. मुकुटावरील मणी, केसांच्या बटा, झग्यावरील वेलबुट्टी हे उंच भाग प्रथम झिजतात. ते स्पष्ट असतील तर नाण्यानें फारसे हात पाहिलेले नाहींत असें समजावें.

किंमत ठरते ती तीन गोष्टींवर : तें नाणें किती उरलें आहे, कोणत्या स्थितींत आहे, आणि तें हवें असणारे किती आहेत. वय ही चौथी गोष्ट असून ती सर्वांत दुबळी आहे. इंग्लंडांतील १९३३ ची पेनी याचें उत्तम उदाहरण होय. त्या वर्षीं पेन्यांचा सांठा पुरेसा असल्यामुळें नव्या अगदीं थोड्या पाडल्या गेल्या. कांहीं इमारतींच्या पायाखालींहि ठेवल्या गेल्या. अवघ्या सातच्या आसपास ज्ञात असल्यामुळें शंभर वर्षेंहि न झालेली ती पेनी अमोल ठरली, आणि तिच्याहून पाऊणशें वर्षांनीं जुनी पेनी मात्र किरकोळ भावानें मिळते. आपल्याकडील व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि जॉर्ज यांचे पैसे कोट्यवधींनीं पाडलेले आहेत. झिजलेल्या साध्या पैशाची किंमत थोडक्या रुपयांपलीकडे जात नाहीं. ज्या सालीं एखाद्या टांकसाळींत थोडीच नाणीं पडलीं त्या सालचें, किंवा टांकसाळींतून निघाल्यासारखें ताजें राहिलेलें नाणें असेल, तरच संग्राहक अधिक मोल देतो. सालवार याद्या छापलेल्या मिळतात. त्या पाहिल्यावांचून विकूं नये आणि विकतहि घेऊं नये.

मोल घालविण्याचा हमखास उपाय मात्र प्रत्येक घरांत आहे, आणि तो म्हणजे चिंच. तांब्याची भांडीं चिंचेनें नि राखेनें लखलखीत करण्याची आपली रीत उत्तम आहे. पण तीच नाण्याला लावली कीं नाण्याचा घात होतो. वर्षानुवर्षें हवेशीं संबंध येऊन तांब्यावर जी काळपट-तपकिरी कांति चढते ती नाण्याचें संरक्षण करते, आणि तिच्यावरूनच जाणकार त्याचा खरेपणा पारखतो. ती खरवडली कीं नाणें नागवें होतें. त्यावरील बारीक रेषा जातात, आणि किंमतहि त्यांच्याबरोबर जाते. माती असेल तर शुद्ध पाण्यांत भिजवून मऊ फडक्यानें टिपावें, कोरडें करून कागदांत गुंडाळावें, एवढेंच पुरे.

खोट्या नाण्यांविषयींहि सावध असावें. जत्रांतून आणि फेरीवाल्यांकडून 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, अर्धा आणा' असें लिहिलेलीं आणि राम-सीता-मारुती यांचीं चित्रें असलेलीं नाणीं विकलीं जातात. कंपनीनें असा अर्धा आणा कधींहि पाडलेला नाहीं. श्रद्धेनें घरांत ठेवावयाचें पदक म्हणून त्याला मान द्यावा. नाणें म्हणून दाम देऊं नये. याच जातीच्या नाण्यांना तांदूळ ओढण्याची दैवी शक्ति चिकटवून कुटुंबेंच्या कुटुंबें नागविल्याचे प्रकार देशांत घडले आहेत. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठीं आपलें नांव सांगून कोणी शुल्क मागितल्यास तें देऊं नये, असा जाहीर इशारा रिझर्व्ह बँकेलाहि २०२१ सालीं द्यावा लागला. ओतीव बनावट नाणें ओळखणें कठीण नाहीं : अक्षरें बोथट, पृष्ठभागावर बारीक छिद्रें, कांठावर सांध्याची रेघ, आणि वजन चुकलेलें.

कायद्याच्या दोन गोष्टीहि माहीत असाव्या. जमिनींत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास दिली पाहिजे, असा १८७८ चा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनें नाणें १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतें, आणि खाजगी माणसास तें परदेशीं पाठवितां येत नाहीं. वर्दी देण्याचें महत्त्व केवळ कायद्यापुरतें नाहीं. जोगळटेंभीचीं नाणीं एकत्र सांपडलीं आणि एकत्र मोजलीं गेलीं, म्हणूनच त्यांनीं साक्ष दिली. तीं एकेक करून सोनाराच्या दुकानीं गेलीं असतीं तर इतिहासाचें तें पान कोरेंच राहिलें असतें. तोच न्याय घरच्या पेटीलाहि लागूं आहे. पेटींत शिवराईशेजारीं तागडीचा पैसा आणि त्याशेजारीं राणीचा ढब्बू निघाला, तर तीं नाणीं वेगळीं करण्याआधीं कोणत्या घरांत, कोणाकडून, कोणत्या वस्तूंबरोबर आलीं याची चार ओळींची टीप लिहून ठेवावी. त्या टिपेनें बाजारभाव वाढेलच असें नाहीं. परंतु ती नसेल तर नाण्याची अर्धी हकीकत कायमची बुडते.

नाशिकपासून जवळच, अंजनेरीस, परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकारानें नाणकशास्त्राची संशोधन-संस्था व संग्रहालय उभें राहिलें. त्यामुळें या विषयाचें शास्त्रशुद्ध ज्ञान नाशिककरांच्या दाराशींच आलें आहे. सोन्याची मोहोर राजवाड्यांत राहिली, रुपया सावकाराच्या तिजोरींत राहिला. पण पैसा भाजीवालीच्या पाटींत, हमालाच्या मुठींत आणि देवळाच्या पेटींत फिरला. ज्यांचें नांव कोणत्याहि बखरींत आलें नाहीं त्यांच्या बोटांनीं त्याची झीज झाली आहे. तांबटाच्या तागडींत त्या पैशाचें वजन होईल, संग्राहकाच्या यादींत त्याची किंमत लागेल. आणि ज्या घरांत त्याचें साल, लेख नि हकीकत नोंदून ठेवली जाईल, तेथें त्याचें खरें मोल राहील.